‘असू दे’चे वजन

प्रवासाची बॅग भरताना मराठी घरात सर्वांत जास्त ऐकू येणारा उद्गार कोणता, असे मला कुणी विचारले तर माझे उत्तर ‘असू दे’ हे असेल. जादा स्वेटर? असू दे. तिसरी चप्पल? लागली तर? असू दे. दोन दिवसांसाठी पुण्याहून नागपूरला निघालेल्या माणसाची बॅग पाच दिवसांची होते ती या ‘असू दे’मुळे. मी कुठल्या विद्यापीठाशी संबंधित नाही. जुन्या बाजारात मिळणाऱ्या प्रवासी वस्तू जमवणे, त्या काट्यावर ठेवून वजनाच्या नोंदी करणे आणि लोकांना ‘तुम्ही काय काय नेता?’ असे विचारत राहणे, एवढीच माझी संशोधनाची पद्धत. त्यातून हाती आलेले सूत्र असे, की सामान हे आपल्या गरजांचे माप नसते. वाटेत काय मिळणार नाही याबद्दलच्या आपल्या शंकेचे ते माप असते. ही शंका कधी रास्त असते, कधी केवळ वारशाने आलेली. बॅग नीट भरणे म्हणजे या दोन शंका वेगळ्या करणे.

फिरकीचा तांब्या कुठे गेला?

माझ्या संग्रहात फिरकीचे तीन पितळी तांबे आहेत. झाकणाला आटे असलेला हा तांब्या एके काळी आगगाडीच्या प्रवासात घरोघरी निघे. रिकामा असतानाही तो हाताला जड लागतो. भरल्यावर तर विचारूच नका. पण स्टेशनवरच्या नळाला पाणी असेल की नाही, असले तरी गाडी तेवढा वेळ थांबेल की नाही, याची खात्री नसताना तो तांब्या म्हणजे शहाणपण होते. वळकटीचे तेच. डब्यात लाकडी फळकुटाखेरीज काही मिळणार नसेल, तर गादी, उशी आणि चादर कॅनव्हासच्या होल्डॉलमध्ये गुंडाळून पट्टे आवळण्याला पर्याय नव्हता.

हे सामान कुणाच्या उपदेशाने कमी झाले नाही. वातानुकूलित डब्यात चादर-उशी मिळू लागली आणि तेवढ्यापुरता होल्डॉल माळ्यावर गेला. बाटलीबंद पाणी स्टेशनवर सर्रास मिळू लागले, २००३पासून रेल्वेचे स्वतःचे ‘रेल नीर’ आले, आणि तांब्या शोकेसमध्ये जाऊन बसला. वाटेवरचा भरवसा वाढला की सामान आपोआप घटते. मात्र सवय भरवशाच्या मागून, फार सावकाश चालते. तांब्या गेला तरी तांब्यामागची धास्ती राहिली. आज ती तीन चार्जर, दोन टॉवेल आणि आठवड्याच्या खाऊच्या रूपाने बॅगेत शिरते.

सामान आणि गती यांचे वैर आपल्या इतिहासाला चांगले ठाऊक आहे. १७२८च्या पालखेड मोहिमेत पहिल्या बाजीरावाचे स्वार हलके होते, मुलखावर गुजराण करत पळत होते. निजामाच्या जड फौजेला त्यांनी पाणी आणि रसद तुटेल अशा जागी आणून कोंडले. पुढे ३३ वर्षांनी पानिपतावर मराठी फौजेसोबत बायकामुले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा मोठा तांडा होता. अब्दालीने रसद तोडल्यावर १४ जानेवारी १७६१च्या आधीच छावणी उपासमारीला लागली होती. पराभवाची कारणे अर्थातच अनेक आहेत. पण सोबत किती न्यायचे हा प्रश्न घरगुती नाही, हे यातून कळते.

सात किलोंचे गणित

आता आजच्या बॅगेकडे येऊ. भारतातल्या देशांतर्गत विमानप्रवासात स्वस्त तिकिटावर साधारणपणे ७ किलोंची एक हातबॅग नेता येते. तिची मापे बहुधा ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर असतात. दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला एवढीच बॅग नेली तर उतरल्यावर पट्ट्याशेजारी ताटकळावे लागत नाही आणि सामान हरवत नाही.

या मापांचा गुणाकार केला तर सुमारे ४८ लिटर होतात. चाके, दांडा आणि अस्तर यांची जागा वजा जाता आत ३८-४० लिटर उरतात. मी पाच लिटरचा स्टीलचा डबा घेऊन त्यात सुती कपडे घड्या घालून दाबून भरले. वजन किलोभराच्या थोडे पुढे गेले. म्हणजे लिटरला दोनशे ग्रॅमपेक्षा जास्तच. माझ्याकडच्या चाकांच्या बॅगेचे रिकामे वजन २ किलो ८०० ग्रॅम. सातातून ते गेले की उरले ४ किलो २०० ग्रॅम, आणि एवढे कपडे २१ लिटरमध्ये मावतात. थोडक्यात, बॅग जेमतेम निम्मी भरते तोच काटा सातावर टेकतो.

हे गणित महत्त्वाचे अशासाठी, की बॅग भरण्याचे जे सल्ले आपल्याला सगळीकडे मिळतात, ते बहुतेक जागेचे सल्ले आहेत. कपड्यांच्या घड्या घालू नका, गुंडाळ्या करा. हवा काढणाऱ्या पिशव्या वापरा. बुटांत मोजे कोंबा. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्या देशांतर्गत प्रवासात हातबॅगेचे आकारमान पाहतात, वजनाची मर्यादा सहसा घालत नाहीत. तिथल्या प्रवाशाची अडचण जागेची, म्हणून त्यांचे उपायही जागेचे. गुंडाळी केल्याने कपड्यांमधली हवा निघते, चुण्या कमी पडतात, पण शर्टाचे वजन एका ग्रॅमनेही घटत नाही. आपली अडचण वजनाची आहे, आणि तिचा उपाय काट्यावरच सापडतो.

माझ्या नोंदवहीतले काही आकडे देतो. जीन्स ६५० ग्रॅम, साधी सुती पँट ३५०. जाड टर्किश टॉवेल ४८०, पंचा १४०. बुटांचा जोड ८५०. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर मिळून दोन किलो. यावरून तीन गोष्टी उघड होतात. एक, सर्वांत जड वस्तू बहुधा बॅग हीच असते. चाकांऐवजी किलोभर वजनाची पाठीवरची सॅक घेतली तर पावणेदोन किलो फुकट मिळतात. दोन, बूट आणि जीन्स अंगावरच जावेत. तीन, पंच्यासारखे प्रवासी वस्त्र दुसरे नाही. तो पटकन वाळतो, आणि धुतलेला शर्ट कोरड्या पंच्यात गुंडाळून पिळला की शर्टातले बरेचसे पाणी तो ओढून घेतो. त्यावर माझा कपड्यांचा हिशेब ठरतो: एक अंगावर, एक बॅगेत, एक दोरीवर. कोकणात पावसाळ्यात जायचे असेल तर दोरीवरचा कपडा वाळत नाही. तेवढ्यापुरता चौथा घ्यावा. ही शंका रास्त आहे.

चाकांचा विषय निघालाच आहे म्हणून थोडी माहिती. बॅगेला चाके लावण्याची कल्पना आपल्याला वाटते तेवढी जुनी नाही. बर्नार्ड सॅडो या अमेरिकी गृहस्थांना आडव्या, पट्ट्याने ओढायच्या सूटकेसचे पेटंट १९७२मध्ये मिळाले. उभी, दांड्याची बॅग रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७मध्ये बनवली. हमालाचा हात होता तोवर चाकांची निकड भासली नाही. ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर असेल तर ते जड आहे हे कळत नाही.

दिंडीचा ट्रक आणि खांद्यावरची पिशवी

आतापर्यंतचा हिशेब एका सरळ प्रवासाचा झाला. लांबच्या विमानप्रवासात मधला थांबा येतो, ज्याला आता सगळेच लेओव्हर म्हणतात, आणि तिथे नियम बदलतो. कारण थांब्याच्या काळात तुमचे मोठे सामान तुमचे असूनही तुमच्या हाती नसते.

ही रचना वारकऱ्याला नवी नाही. आळंदी ते पंढरपूर या अडीचशे किलोमीटरच्या आसपासच्या वाटेवर दिंडीचे तंबू, भांडी आणि वळकट्या ट्रकमधून पुढे जातात. खांद्यावरच्या पिशवीत टाळ, हरिपाठ, पाण्याची बाटली, पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद आणि औषधाची पुडी. सकाळी ट्रक सुटला की संध्याकाळच्या मुक्कामापर्यंत त्याची भेट नाही. वाटेत पाऊस आला, पाय सुजला, तरी जे आहे ते खांद्यावर. म्हणून अनुभवी वारकरी पिशवी भरताना ‘मला काय काय लागेल’ असे विचारत नाही. ‘ट्रक भेटेपर्यंत कशावाचून अडेल’ एवढेच पाहतो.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक पत्नीसह लेकीकडे परदेशी निघाले होते. मधल्या विमानतळावर पुढचे विमान चुकले आणि पुढच्या विमानापर्यंत एकोणीस तास काढावे लागले. दोन्ही मोठ्या बॅगा विमानतळाच्या पोटात कुठेतरी. हातातल्या बॅगेत बेसनाचे लाडू, दोन फ्रेम केलेले फोटो आणि जावयासाठी घेतलेला शर्ट. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र मोठ्या बॅगेत. डॉक्टरांची चिठ्ठीही तिथेच, त्यामुळे औषधाच्या दुकानातही काही मिळेना. सुदैवाने रात्र निभावली. लाडू कुठेही मिळाले नसते हे खरे, पण लाडवांवाचून अडणारही नव्हते.

तेव्हा थांब्याचे नियम आणि त्यांची कारणे समजून घ्यावीत. तपासणीच्या वेळी द्रवपदार्थ १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाहीत, हा नियम ऑगस्ट २००६मध्ये लंडनमध्ये उघड झालेल्या कटानंतर आला. द्रव स्फोटके पेयांच्या बाटल्यांतून विमानात नेण्याचा तो बेत होता. बाटली अर्धी असली तरी तिची क्षमता मोजतात. नव्या यंत्रांमुळे काही विमानतळांवर हा नियम सैल झाला आहे, पण तुमच्या वाटेवरच्या सर्वांत कडक विमानतळाचा नियम तोच तुमचा नियम. करमुक्त दुकानातली मोठी बाटली मोहोरबंद पिशवीत देतात. ती पिशवी शेवटच्या तपासणीपर्यंत फोडायची नाही, पावती आतच ठेवायची.

अमेरिकेला जाताना पहिल्या अमेरिकी विमानतळावर, पुढचे विमान असले तरी, मोठे सामान साधारणतः स्वतः उचलून कस्टममधून नेऊन पुन्हा द्यावे लागते. नंतर पुन्हा तपासणी असते, म्हणून मोठ्या बाटल्या त्याच वेळी मोठ्या बॅगेत टाकाव्यात. अबूधाबीहून थेट अमेरिकेला जाणाऱ्यांचे हे सोपस्कार अबूधाबीतच उरकतात. दोन वेगळी तिकिटे काढली असतील तर सामान आपोआप पुढे जाईल असे धरून चालू नये. ते घेण्यासाठी त्या देशात शिरावे लागू शकते आणि त्याला व्हिसा लागतो. बॅग देताना पट्टीवर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरे आहेत ना, हे पाहायला दहा सेकंद पुरतात.

पॉवरबँक नेहमी हातात. लिथियमची बॅटरी पेटली तर प्रवाशांच्या कक्षात ती विझवता येते, सामानाच्या कप्प्यात तिच्यापाशी कुणी पोहोचू शकत नाही. मर्यादा १०० वॉट-तासांची. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवरबँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तास भरते, म्हणून चालते. अनेक कंपन्यांनी विमानात ती वापरायलाही मनाई केली आहे. जागा नाही म्हणून ऐनवेळी दारातच हातबॅग काढून घेतली, तर पॉवरबँक आणि औषधे आधी बाहेर काढावीत. आपल्याकडच्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही अशाच अडतात. तेलकट खोबरे साठ्यात आपोआप तापू आणि पेटू शकते, म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद आहे आणि मोठ्या बॅगेतून ते काढले जाते.

तीन वर्तुळे

यावरून मी सामानाची तीन वर्तुळे करतो. पहिले अंगावरचे: पासपोर्ट, पैसे, फोन, चष्मा. हे झोपेतही शरीरापासून दूर जात नाही. दुसरे हातातले: सर्व औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, कानाचे यंत्र व त्याच्या बॅटऱ्या, कवळीची डबी, चार्जर, एक जोड कपडे, पंचा, शाल. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत कधीच नको. फार थंडीत ते गोठले की निकामी होते. आवश्यक औषध १०० मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तरी चिठ्ठी दाखवून नेता येते. तिसरे वर्तुळ म्हणजे मोठी बॅग. तिच्यात तेच ठेवावे, जे दोन दिवस उशिरा आले तरी चालेल.

मोठी बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. भारत २००९पासून माँट्रिएल कराराचा भाग आहे. त्यानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान मोडले असेल तर ते मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळाले असेल तर २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. आत काय आहे याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला की पुढचे बोलणे सोपे होते.

मग ‘असू दे’चे काय करायचे? मी त्याला दोन प्रश्न विचारतो. हे वाटेत मिळेल का? आणि नाही मिळाले तर किती तास निभेल? पहिल्याचे उत्तर ‘हो’ असेल तर वस्तू घरी राहते. पहिल्याचे ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘दोन दिवस’ असेल तर ती मोठ्या बॅगेत जाते, आणि मोठी बॅग नसेलच तर घरीच. ‘काही तासच’ असे उत्तर आले तर ती हातात हवी, मग तिच्यासाठी दुसरे काहीही काढावे लागो. आपल्या आईवडिलांनी वाहिलेली ओझी वेडेपणाची नव्हती. त्यांच्या वाटेवर खरोखरच पाणी नव्हते. आपल्या वाटेवर पाणी आहे, पण गोळ्या असतीलच असे नाही. ‘असू दे’ म्हणायचेच, तर ते त्या गोळ्यांच्या डबीसाठी म्हणावे.