पॅनेललाही उकडतं!

कल्पना कर! मे महिना, नाशिकची गच्ची, भर दुपार. फरशीवर अनवाणी पाय टेकला की चटकाच! अशा वेळी गच्चीवरच्या निळ्या-काळ्या सोलर पॅनेलची केवढी चंगळ होत असेल, नाही?

छे! पॅनेललाही उकडतं! त्याला हवा असतो फक्त प्रकाश. उष्णता त्याला मुळीच सोसत नाही!

असं कसं? आधी पॅनेलच्या आत डोकावू या. ते बनतं सिलिकॉनचं. आणि सिलिकॉन कुठून येतं, सांग बरं? चक्क वाळूपासून!

सिलिकॉनमध्ये असतात इलेक्ट्रॉन, डोळ्यांना न दिसणारे इवलेसे कण. समज, ती वर्गात बसलेली मुलं आहेत. प्रकाश पडला, की झाली मधल्या सुट्टीची घंटा! वर्गाला दार मात्र एकच, म्हणून मुलं एकाच दिशेने धूम ठोकतात. ही धावाधाव म्हणजेच वीज!

पण उकाडा वाढला की घंटेच्या आधीच वर्गात चुळबुळ सुरू होते. मग घंटा झाली तरी मुलांच्या पळण्यात जोर उरत नाही.

पॅनेलची ताकद मोजतात 25 अंश सेल्सिअसला. त्यापुढे दर 10 अंशांमागे साधारण 3-4 टक्के वीज घटते. आणि रणरणत्या उन्हात पॅनेल 60 अंशांच्याही वर तापतं, बरं का! म्हणून तर ते गच्चीला चिकटवत नाहीत, खालून वारा खेळेल इतकं उंच बसवतात.

इथे आपलं नाशिक नशीबवान! ऊन भरपूर, पण समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, त्यामुळे उकाडा जळगावपेक्षा कमी. थंडीत तर पॅनेल खुशीत असतं. पण तेव्हा दिवसच लहान, मग ऊनही कमी वेळ मिळतं!

किती वीज म्हणतोस? साधारण 100 चौरस फुटांत एक किलोवॉटची पॅनेलं मावतात. त्यातून रोज सरासरी 4 युनिट मिळतात. एका युनिटवर 10 वॉटचा एलईडी दिवा किती वेळ चालेल? तब्बल 100 तास! घरात वापरून उरलेली वीज तारांतून महावितरणकडे जाते, आणि मीटर तिचाही हिशेब ठेवतो. 2024 पासून 'पीएम सूर्य घर' योजनेत सरकार अशा घरांना अनुदानही देतं.

पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून तिरकी बसवलेली दिसतील. किती तिरकी? नाशिकमध्ये साधारण 20 अंश, कारण नाशिक विषुववृत्ताच्या 20 अंश उत्तरेला आहे!

याच 20 अंशांमुळे आणखी एक गंमत घडते. 20 मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोब्बर आपल्या डोक्यावर येतो. गच्चीवर बाटली उभी करून बघ, सावली गायब! जुलैच्या 23-24 तारखेला पुन्हा तेच घडतं. पण तेव्हा पावसाळा असतो, म्हणून बाटली मे महिन्यातच काढ. आणि पायात चप्पल घाल!