अक्कलदाढ आणि छातीतली हवा

दाढ काढून आलं की गाल सुजायचाच, त्यात काय एवढं, असं आपण म्हणतो. पण मैत्रिणींनो, सगळी सूज सारखी नसते बरं का! दाढ काढताना किंवा घरी आल्यावर थोड्या वेळात गाल नि मान एकदम फुगली, दाबल्यावर मुरमुऱ्यांच्या पिशवीसारखी कातडीखाली कुरकुर लागली, तर समजावं, आत हवा शिरली आहे.

ही हवा येते कुठून? अक्कलदाढ हाडात रुतलेली असली, की डॉक्टर हिरडी उघडून तिचे तुकडे करतात. त्यासाठीचं गरगर फिरणारं यंत्र बहुधा दाबाच्या हवेवर चालतं. ती हवा उघड्या हिरडीखाली शिरली, तर जबड्याखालून गळ्यात आणि तिथून थेट छातीत, हृदयाभोवतीच्या जागेत उतरू शकते. असं घडतं क्वचितच, म्हणून तर पटकन ध्यानात येत नाही. इंजेक्शन अंगावर उठलं, असंच वाटतं.

यंत्राशिवायही हे होतं. वैद्यकातली पहिली नोंद १९०० सालची, दात काढल्यावर बिगूल वाजवणाऱ्या एका वादकाची! आपल्या घरी बिगूल नसला, तरी फुंकणी आहे. गॅस आला तरी भंडाऱ्याकडच्या खेड्यांत चूल पेटतेच. दाढ काढलेल्या बाईनं आठवडा-दोन आठवडे फुंकणी हाती धरू नये. तेवढे दिवस घरधन्यानं चूल फुंकली, तर काही बिघडत नाही! नाक जोरात शिंकरणं, शिंक दाबणं, फुगे फुगवणं, सगळं बंद. आणि खर्ऱ्याचं तर नावच नको.

सूज दिसली तर शेकू-चोळू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, आवाज बदलला, घास गिळवेना, धाप लागली, तर १०८ ला फोन करून जिल्हा रुग्णालय गाठा. पुढे नागपूर साठेक किलोमीटर. तिथं सरकारी मेडिकल आणि डेंटल कॉलेज दोन्ही आहेत. लाखांदूर-पवनीकडच्या बाईनं रात्री हे अंतर कसं कापायचं? म्हणून अवघड दाढ सकाळीच काढून घ्यावी, आणि लगेच एस.टी. न पकडता दोन-तीन तास गावातच थांबावं.

छातीचा फोटो किंवा स्कॅन काढला की हवा दिसते. हवेबरोबर तोंडातले जंतू आत गेलेले असू शकतात, म्हणून जंतुनाशक औषधं देतात. लागलं तर प्राणवायूही. बहुतेकींची हवा तीन ते दहा दिवसांत आपोआप जिरते. तोवर रोज सकाळी मानेवरून हलकेच बोट फिरवावं. कुरकुर कालच्यापेक्षा वर-खाली पसरली असेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावं.