ई-पुस्तकासाठीही रांग का लागते?

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर लिबी हे अ‍ॅप असतं. लायब्ररी कार्डाचा नंबर टाकला की घरबसल्या पुस्तकं मिळतात, तीही फुकट. पण एखादं गाजलेलं पुस्तक मागितलं की कळतं, रांगेत आपला नंबर ४२वा आहे आणि अजून काही आठवडे थांबायचंय. फाइलच्या तर हव्या तितक्या प्रती निघतात, मग ही रांग कसली?

प्रश्न मालकीचा आहे. छापील पुस्तक विकत घेतलं की ते लायब्ररीचं झालं. कितीही जणांना द्या, जुनं झालं की विकून टाका. प्रकाशकाला विचारावं लागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये हे तत्त्व मान्य केलं आणि पुढच्याच वर्षी ते कायद्यात आलं.

ई-पुस्तकाचा मात्र लायब्ररीला फक्त परवाना मिळतो. भाडेकरारच म्हणा ना! अटी प्रकाशकाच्या. सगळ्यात रुळलेली अट म्हणजे एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. रांग लागते ती इथे. शिवाय परवाना संपतो. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये नियम केला की २६ वेळा पुस्तक दिलं की परवाना नव्याने घ्यायचा. इतर बरेच परवाने दोन वर्षांनी संपतात. आणि किंमत? आपल्याला पंधरा डॉलरला मिळणारं ई-पुस्तक लायब्ररीला पन्नास-साठ डॉलरलाही पडू शकतं.

प्रकाशकांचंही म्हणणं आहेच. छापील प्रत झिजते, हरवते, ती आणायला उठून जावं लागतं. एका टिचकीसरशी फुकट मिळायला लागलं तर विकत कोण घेणार, लेखकाला काय मिळणार? याच भीतीपोटी मॅकमिलनने नोव्हेंबर २०१९ पासून नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-व्यवस्थेला एकच ई-प्रत द्यायचं ठरवलं. अनेक ग्रंथालयांनी बहिष्कार टाकला. मार्च २०२० मध्ये, कोविडमुळे ग्रंथालयांची दारं बंद होत असतानाच, तो निर्णय मागे घेतला गेला. मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये कायदा करून वाजवी अटींची सक्ती केली. पण कॉपीराइट हा केंद्राचा विषय, म्हणून २०२२ मध्ये तो न्यायालयात टिकला नाही.

ग्रंथालयं आपापल्या परीने वाटा शोधताहेत. हूपलासारख्या सेवेत रांग नसते, पण प्रत्येक वाचनामागे लायब्ररीला पैसे मोजावे लागतात. म्हणून महिन्याला ठरावीकच पुस्तकं मिळतात.

या सगळ्यात खरी झळ बसते ती कमी खपाच्या पुस्तकांना. तीस वर्षांपूर्वी घेतलेली छापील प्रत कपाटात निमूट बसून राहते, कधीतरी कुणाच्या तरी हाती लागते. ई-पुस्तक टिकवायचं तर त्यासाठी पुन्हा पुन्हा पैसे काढावे लागतात, आणि ते आधी गाजलेल्या पुस्तकांकडे जातात.

तेव्हा वाचून झालं की मुदतीची वाट न बघता पुस्तक परत करा. तुमच्या मागचा ४३वा वाचक तेवढाच पुढे सरकेल.