कॅमेऱ्याची बाजू: गेटिसबर्गची दोन छायाचित्रे

गुलामगिरी टिकवण्याच्या हट्टापायी दक्षिणेतील अकरा राज्ये अमेरिकी संघराज्यातून फुटली आणि १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. प्रस्तुत लेखाला पार्श्वभूमी म्हणून एवढे पुरे, कारण येथे विचार करायचा आहे तो या युद्धात कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्यांच्या तटस्थतेचा.

त्या काळची ‘ओल्या काचेची पद्धत’ अशी होती, की काचेवर कलोडियन हा चिकट द्रव पसरून ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांतच, अंधाऱ्या गाडीत धुऊन काढायची. हलणारा माणूस या काचेवर नीट उमटत नसे, म्हणून चकमकीची छायाचित्रे जवळजवळ नाहीतच, आणि छायाचित्रकाराच्या वाट्याला लढाई संपल्यानंतरचे रणांगण येई. ते रणांगण ज्याच्या ताब्यात, त्याच्याच परवानगीने गाडी आत जाई. शिवाय जिंकणारे सैन्य आपले मृत आधी पुरत असे. १७ सप्टेंबर १८६२ च्या अँटिएटमच्या लढाईनंतर अलेक्झांडर गार्डनर या उत्तरेच्या छायाचित्रकाराने टिपलेले मृत बहुतांशी दक्षिणेचेच आहेत, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. छायाचित्रकाराने कोणाचाही पक्ष घेण्याआधीच पक्ष ठरून गेलेला असे. दक्षिणेत जॉर्ज कुकसारखे कुशल छायाचित्रकार होते, परंतु उत्तरेच्या आरमाराने बंदरे रोखल्यामुळे त्यांना रसायनेच दुर्मीळ झाली.

एवढे होऊनही काच स्वतः कोणाला शत्रू म्हणत नाही; ते काम मजकुराने केले, आणि त्याचा गेटिसबर्गइतका लख्ख पुरावा क्वचितच सापडेल. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांच्या लढाईनंतर गार्डनरचा सहकारी टिमथी ओसलिव्हन याने तेथील मृतांची छायाचित्रे घेतली, आणि १८६६ मध्ये गार्डनरने आपल्या दोन खंडांच्या, शंभर छायाचित्रांच्या आणि दीडशे डॉलर किमतीच्या संग्रहात त्यांतील दोन लागोपाठ छापली. पहिल्याखालच्या मजकुरात ती प्रेते बंडखोरांची असून त्यांनी देशद्रोहाची किंमत चुकवली आहे, असा भाव आहे. दुसऱ्याखाली मृत ‘आपले’ होतात आणि त्यांच्या चेहऱ्यांवर शांती दिसू लागते. विल्यम फ्रासानिटो या अभ्यासकाने १९७५ च्या ग्रंथात प्रेतांची ठेवण ताडून दाखवून दिले, की दोन्ही चित्रांतील माणसे तीच आहेत, केवळ कॅमेरा दुसऱ्या दिशेला नेलेला आहे. शतकाहून अधिक काळ हा संग्रह चाळणाऱ्यांनी एकाच मृताला एका पानावर द्रोही आणि पुढच्या पानावर हुतात्मा मानले, ही गोष्ट युद्धछायाचित्रणाच्या कोणत्याही इतिहासात पहिल्या प्रकरणात हवी.

त्याच संग्रहातील, दगडी आडोशामागे पडलेल्या बंडखोर नेमबाजाचे चित्र याहून अधिक बदनाम आहे, कारण ते प्रेत उतारावरून सुमारे चाळीस यार्ड वाहून आणले होते आणि शेजारची बंदूक नेमबाजांच्या वापरातली नव्हती, हेही पुढे अभ्यासकांनी उघड केले. नोव्हेंबरमध्ये परत गेल्यावर सांगाडा आणि बंदूक तशीच आढळली, हे गार्डनरचे विधान तर मुळीच पटण्यासारखे नाही. स्मृतिचिन्हे गोळा करणाऱ्या लोकांनी बंदूक चार महिने सोडली नसती. अशी मांडामांड केवळ अमेरिकेत झाली असेही नाही: १८५८ मध्ये फेलिचे बियातोने लखनौच्या सिकंदर बागेचे जे छायाचित्र घेतले, त्यातील बंडवाल्या शिपायांची हाडे मुद्दाम मांडलेली असावीत, असे अनेक अभ्यासकांना वाटते. तरीही प्रेत हलवणे हा मजकुरातील लबाडीपेक्षा लहान अपराध ठरवावा लागेल, कारण हलवलेले प्रेत निदान दक्षिणेच्याच सैनिकाचे मानले जाते, तर ओसलिव्हनच्या त्या दोन चित्रांतील माणसे बहुधा उत्तरेचीच होती; म्हणजे गार्डनरने द्रोही ठरवले ते त्याच्याच बाजूचे शिपाई. ती नेमकी कोणत्या शेतात पडली होती, यावर गेटिसबर्गचे अभ्यासक अजूनही वाद घालतात.