परळचे आमदार इथं राहायचे

सहा डिसेंबरची सकाळ. शिवडीच्या बीडीडी चाळींतून निघालेल्या बायकांच्या घोळक्यामागून मी चालतो आहे. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, एकीच्या काखेत पेंगणारं पोर. नायगाव मागे पडतं, खोदादाद सर्कलची गर्दी कापून आम्ही हिंदू कॉलनीत शिरतो. एरवी या गल्ल्यांत कावळासुद्धा दबकून ओरडतो. आज विदर्भ-मराठवाड्यातल्या बोलींनी त्या दुमदुमताहेत. ‘जय भीम’ला ‘जय भीम’ मिळतो आणि रांग सरकते.

समोर ‘राजगृह’. दिसायला आसपासच्या इमारतींसारखंच दगड-विटांचं, गॅलऱ्यांचं, दादरच्या मध्यमवर्गात शोभणारं घर. महाल म्हणावा असं काही नाही. नाव मात्र थेट मगधाच्या जुन्या राजधानीचं. 1934 पर्यंत बाबासाहेबांचा संसार परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत होता. तिथं माणसं मावत, पुस्तकं मावत नसत. म्हणून कर्ज काढून हे घर उभं राहिलं आणि वरचा मजला ग्रंथांना मिळाला. पुस्तकांसाठी घर बांधणारा पुढारी मुंबईनं दुसरा कुणी पाहिला असेल, असं मला वाटत नाही. रमाबाईंना मात्र हे घर फार काळ लाभलं नाही. 27 मे 1935 रोजी त्या इथंच गेल्या.

रांग थांबते. घोळक्यातली आजी फाटकावरच्या पोलिसाला विचारते, “बाळा, अजून किती वेळ?”

“आजी, कुठून आलात?”

“शिवडीहून. लांबून आलेल्यांना आधी सोड. आमचं काय, बाबासाहेब आमचे आमदारच होते.”

पोलीस हसतो. आजी हसत नाही. तिचं खरंच आहे. 1937 च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे बाबासाहेब भायखळा-परळमधून मुंबई विधानसभेवर गेले. समोर काँग्रेसनं उभा केला होता पळवणकर बाळू, एके काळचा नामांकित फिरकी गोलंदाज आणि तोही दलित समाजातलाच. सासरा गिरणीत होता, आजी सांगते. संपाच्या गोष्टी तिनं त्याच्याच तोंडून ऐकल्या. तो संप 7 नोव्हेंबर 1938 चा. संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेब आणि कम्युनिस्ट त्या दिवशी एकत्र आले होते. साऱ्या देशाला घटनेचे शिल्पकार आठवतात. गिरणगावच्या या म्हातारीला आठवतो तो आपल्या वॉर्डाचा माणूस.

2020 च्या जुलैत कुणीतरी इथल्या कुंड्या आणि खिडक्यांच्या काचा फोडल्या होत्या. आज त्याबद्दल कुणी बोलत नाही. आम्ही चपला काढून तळमजल्यावर जातो. फोटो, बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू. मागून रेटा आहे, कुठंच नीट थांबता येत नाही. 6 डिसेंबर 1956 ला दिल्लीत त्यांचं निधन झालं, विमानानं मुंबईत आणलेला देह आधी याच घरी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी इथून अंत्ययात्रा निघाली. हे सांगायची इथं कुणाला गरज वाटत नाही. पोरं तेवढी प्रश्न विचारतात.

“आजी, पुस्तकं कुठायत?”

“वरती असायची. पन्नास हजार.”

“सगळी वाचली त्यांनी?”

“तू आधी तुझं चौथीचं वाच,” आजी म्हणते आणि त्याचा दंड धरून चैत्यभूमीकडे जाणाऱ्या गर्दीत घुसते.