भिंतीची ओल

बडोद्यात जुना वाडा पाहावयास गेले की माणसे चौक किती मोठा, कोरीव खांब सागवानी आहेत की कसे, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते काय, हे सारे बारकाईने विचारतात. भिंतीला ओल आहे काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. विचारलेच तर "जुनी वास्तू आहे, थोडी ओल असायचीच" असे उत्तर मिळते आणि विषय संपतो. जणू ओल म्हणजे वाड्याच्या म्हातारपणाचे लक्षण, संधिवातासारखे, सोसावयाचे. माझे म्हणणे असे की ही ओल सोसावयाची गोष्ट नाही. तिचा संबंध आपल्या छातीशी आहे, कायद्याशी आहे आणि विम्याच्या कागदाशीही आहे.

मी गाणे शिकविणारा माणूस. आजोबा कलावंत कारखान्यात होते आणि वडील राजवाड्यातील वादकांच्या शेवटच्या पिढीतले. तेव्हा भिंतींविषयी लिहिण्याचा माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच, की भिंतीची ओल वाद्याला माणसाआधी कळते. तंबोऱ्याचा भोपळा ओल धरतो, त्याचा सांधा सुटू लागतो. तबल्याची पुडी सैल पडून शाईच्या कडेने पांढरी लव दिसू लागते. सारंगीची तात दिवसभर स्वरात राहत नाही. पेटीचा भाता कुबट वास सोडतो. चामडे, लाकूड, सरस, कापड आणि कागद ही सारी बुरशीची आवडती खाद्ये, आणि गवयाच्या खोलीत नेमकी तीच भरलेली असतात.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी ३५ फुटांच्या वर गेले, ते वाचकांच्या स्मरणात असेलच. त्याआधी जुलै २०१९ च्या शेवटच्या दिवशी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा वेळी सारे शहर मगरींची चर्चा करते. मगर दाराशी आली की सगळी गल्ली गोळा होते, वनखात्याची माणसे येतात, ती दोर बांधून तिला घेऊन जातात आणि प्रकरण मिटते. पाणी ओसरल्यावर भिंतीत जे शिरून बसते, त्यासाठी मात्र कोणी गोळा होत नाही.

बुरशीची बीजे हवेत सदैव असतात. ती घरात येऊ नयेत अशी व्यवस्था करणे कोणालाच शक्य नाही. त्यांना रुजावयास पाणी लागते. भिजलेला कागद, गादी, प्लायवूडचे कपाट यांवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते. म्हणून पुरानंतरचे पहिले दोन दिवस फार मोलाचे.

पण पूर नसतानाही ओल येते, आणि तिची कारणे वेगवेगळी आहेत. जुन्या वाड्यांच्या पायात पाणी अडविणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतले पाणी विटांतून दोन-तीन फूट वर चढते. दुसरी ओल पन्हळीची किंवा फुटक्या नळाची. ती वरून किंवा एका जागेवरून पसरते. तिसरी घरातल्या वाफेची: बंद न्हाणीघर, खोलीत वाळत घातलेले कपडे, थंड भिंतीला चिकटून ठेवलेले कपाट. भिंतीवर पांढरी पूड दिसली तर ती नेहमी बुरशीच असते असे नाही. बोटाने चुरडून पाण्यात टाकल्यावर विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार. लोण्याने पोपडे पडतात. छातीचे दुखणे मुख्यतः बुरशी आणते. परंतु लोणा दिसला की पाणी आत आहे हे निश्चित समजावे.

येथे आपल्या एका आवडत्या उपायाविषयी लिहिणे भाग आहे. भिंत ओली दिसली की आपण गवंडी बोलावतो आणि तो सिमेंटचा गिलावा करून वर तेलाचा किंवा प्लास्टिकचा रंग चढवितो. दिवाळीला भिंत झकास दिसते. पुढच्या श्रावणात ओल एक हात वर सरकलेली असते. आपले वाडे विटा, चुना आणि सुरखीचे. चुन्याची भिंत पाणी पिते तशी ते सोडतेही. सिमेंटने तिचे तोंड बांधले की आतले पाणी वाट शोधीत वर चढते आणि तुळयांच्या टोकांपर्यंत जाते. ताज्या चुन्याचा क्षारधर्म बुरशीला मानवत नाही. दरवर्षी चुन्याची सफेती करण्याची जुनी रीत नुसती शोभेची नव्हती.

आता प्रकृतीची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार व दमा अधिक होतो, हा तिचा मथितार्थ. वारंवार सर्दी, शिंका, डोळ्यांची खाज, रात्रीचा खोकला ही साधी लक्षणे. ज्याला मुळात दमा आहे, त्याच्या फुप्फुसात ॲस्परजिलस नावाच्या बुरशीची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. आपल्या देशात असा रोगी कित्येकदा क्षयाचा समजून औषधे खात राहतो. म्हणून खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना घरातली ओल आवर्जून सांगावी. घराबाहेर चार दिवस राहिल्यावर बरे वाटते आणि परतल्यावर पुन्हा खोकला सुरू होतो, असे असेल तर तेही सांगावे.

एका भीतीचे निरसनही करावयास हवे. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' म्हणून जो भयंकर रोग ऐकू आला, तो म्युकरमायकोसिस. न्हाणीघराच्या भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो रोग नव्हे. म्युकर मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना आणि स्टेरॉइडांनी प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना झाला. भिंतीवरच्या डागाला घाबरून घर सोडण्याचे कारण नाही; मात्र ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, ज्यांच्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्यांना अशा खोलीत मुळीच झोपवू नये.

आमच्या वाड्यात तळमजल्याची खोली गाण्याच्या वर्गासाठी पिढ्यान् पिढ्या ठरलेली. पुरानंतर तिची एक भिंत महिनोन् महिने सुकली नाही. वर्गातल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला खर्ज लावताना खोकल्याची उबळ येऊ लागली. तिची आई फार सभ्य बाई. तिने तक्रार केली नाही, फक्त "गुरुजी, काही दिवस तिला घरीच रियाज करू दे," असे म्हणाली. मी वर्ग वरच्या माडीवर हलविला. तीन आठवड्यांनी मुलगी पुन्हा येऊ लागली आणि आता माडीवर खर्ज लावते. तेवढ्यावरून भिंतच दोषी असा निकाल मी देणार नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. परंतु ज्या विद्येत श्वास हेच भांडवल, तिचे शिक्षण कुबट खोलीत देणे मला योग्य वाटले नाही.

वर्ग हलला, पण भिंत राहिली, आणि ती दुरुस्त कोणी करावयाची हा प्रश्नही राहिला. वाडा चार चुलतभावांच्या नावे. एक पुण्यास, एक अमेरिकेत. मागच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरी. बडोद्यातल्या पुष्कळ वाड्यांची हीच कुंडली आहे. वाटणी व्हायची आहे म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून वाड्याला किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून वाटणी नाही. या चक्रात मागच्या खोलीतले मूल खोकत राहते.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम मालक आणि भाडेकरी दोघांनीही वाचावे. जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती नोटिशीनंतर वाजवी मुदतीत त्याने केली नाही, तर भाडेकरी ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. मात्र कोणती दुरुस्ती मालकाची हे करारावर अवलंबून असते. म्हणून करारात छप्पर, पन्हळ, नळ आणि बाहेरच्या भिंती यांचा स्पष्ट उल्लेख असावा. जुन्या भाडेकऱ्यांच्या बाबतीत भाडेनियंत्रणाचा कायदाही पाहावा लागतो. तेथे वकिलाचा सल्ला घ्यावा. भाडेकऱ्यानेही गळती दिसताच मालकाला लेखी कळवावे. तोंडी तक्रारीला पुढे साक्षीदार मिळत नाही.

वाडा विकावयाचा झाला तर त्याच कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, खरेदीदाराला साध्या काळजीने दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाराने सांगितला पाहिजे. ताज्या रंगाखाली ओल झाकून सौदा करणे हे केवळ लबाडीचे नव्हे, धोक्याचेही आहे. जे वाडा सोडून मांजलपूरकडे नव्या फ्लॅटात गेले, त्यांनी २०१६ चा रेरा कायदा ध्यानात ठेवावा: ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष आढळून तो कळविला, तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करावयाची असते. न केल्यास भरपाई मागता येते.

परदेशात ही बाब कोठवर गेली आहे ते पाहा. इंग्लंडातील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्यामुळे हा मृत्यू झाला, असे मृत्युचौकशीत नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरले. आईबापांनी वारंवार तक्रारी केल्या होत्या. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २०२३ मध्ये झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून तेथील सामाजिक गृहसंस्थांना तातडीचा धोका २४ तासांत दूर करणे बंधनकारक झाले. एका मुलाच्या जिवाची किंमत देऊन आलेले हे शहाणपण आपण फुकट घ्यावे हे बरे.

राहिला विमा. घराच्या विम्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाण पॉलिसी सर्व कंपन्यांकडे मिळते. तीत पूर आणि वादळ येतात; पाण्याची टाकी वा नळ फुटून झालेले नुकसानही येते. घराबरोबर सामानाचाही विमा इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाखांपर्यंत, आपोआप मिळतो. पण विम्याचे तत्त्व असे, की अचानक घडलेल्या अपघाताची भरपाई मिळते, हळूहळू झालेल्या झिजेची नाही. पुराने भिंत भिजली हा अपघात; वीस वर्षे फुटक्या पन्हळीने ती भिजली ही हयगय. बुरशी दोन्हींतून येते, म्हणून सगळा वाद कारणाचा होतो. ज्याच्याजवळ पुराच्या आधीचे कोरड्या भिंतीचे छायाचित्र असते, त्याचे म्हणणे टिकते.

आमच्या बाबतीत वाद्यांचे आणि भिंतीचे पैसे काही अंशी मिळाले. वडिलांच्या चिजांच्या वह्यांचे मिळाले नाहीत, कारण हस्तलिखिते आणि कागदपत्रे पॉलिसीत वेगळी नमूद केली नसतील तर वगळलेली असतात. ज्यांच्या घरी बखरी, पत्रे, बंदिशींच्या वह्या आहेत, त्यांनी हे कलम आजच वाचावे. घर महिनोन् महिने बंद राहणार असेल, तर बंद घराविषयीची अटही वाचावी. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला फी पडत नाही; मात्र एक वर्षाची मुदत पाळावी लागते.

वह्या मात्र वाचल्या, आणि त्या विम्याने नव्हे तर शेजाऱ्याच्या आइस्क्रीमच्या फ्रीजरने वाचविल्या. भिजलेला कागद गोठविला की बुरशी थांबते. मग सवडीने थोडी थोडी पाने बाहेर काढून टीपकागद घालीत सावलीत वाळविता येतात. उन्हात ठेवू नयेत, शाई उडते. तंबोराही उन्हात ठेवू नये, भोपळा तडकतो.

भिंत साफ करताना कोरड्या झाडूने बुरशी झाडू नये, ती घरभर उडते. नाकाला एन-९५ मुखपट्टी, हातमोजे, ओले फडके, साबणाचे पाणी, एवढे पुरे. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल कधी मिसळू नये, विषारी वायू होतो. भिजलेली गादी आणि फुगलेले प्लायवूड टाकून द्यावे; पण आधी तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, यादी करावी आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. एक लहानसा आर्द्रतामापक घ्यावा आणि काटा साठाच्या वर राहू देऊ नये. डाग साफ करून ओलीचे मूळ तसेच ठेवले तर डाग परत येतो, हे ध्यानात असावे.

आमच्या चौघा भावांचे अजून वाटणीवर एकमत नाही. पण पन्हळ, पाया आणि मागच्या खोल्यांचा गिलावा यांचा खर्च वाटणीच्या हिशेबात धरावयाचा आणि काम वैशाखात उरकावयाचे, एवढा कागद आम्ही सह्या करून ठेवला आहे. भाडेकऱ्यालाही त्याची प्रत दिली. ज्या वाड्यांत असाच गुंता आहे, तेथल्या कर्त्या माणसांनी निदान एवढा कागद पावसाआधी करावा. वाटणी कोर्टात थांबू शकते. पोराची छाती थांबत नाही.