डोलकाठीतील वायरिंग पक्के कसे करावे?

शिडाच्या नौकेची ॲल्युमिनियमची डोलकाठी आतून पोकळ असते. वायर मोकळी सोडल्यास नौका डोलताच ती आपटते, कव्हर घासते आणि ऐन रात्री टोकावरचा दिवा विझतो. म्हणून आमच्या वायरमन बंधूंना आम्ही सुचवतो की, काठीच्या आतल्या भिंतीला पीव्हीसी पाइप रिव्हेटने बसवून वायर त्यातून न्यावी. पाइप शक्य नसेल आणि आत शिडाची दोरी नसेल, तर साधारण दर अर्ध्या मीटरला तीन केबल टाय, शेपट्या न कापता, तीन दिशांना बांधावेत; वायर भिंतीला लागत नाही. वायरचे वजन वर क्लॅम्पवर घ्यावे, जोडावर नव्हे. भोकाला रबरी ग्रोमेट लावावे. वायर कलईच्या तांब्याची असावी. आतले काम गिऱ्हाईक पाहत नाही. म्हणूनच ती आपल्याकडे अमानत आहे.